मुखरूचा पास

सावरटोल्याचा मुखरू चांभार जन्मभर दुसऱ्यांचे बूट शिवत आला, पण स्वतः मैदानात उतरताना त्याच्या पायात कधी काही नसायचं. कोणी चिडवलं की म्हणायचा, "बूट पोटासाठी, पाय खेळासाठी." चांभाराला कसला आलाय खेळ, असं तुम्हाला वाटेल. गावालाही आधी तसंच वाटलं होतं. त्याचीच ही हकीकत आहे, आणि सांगता सांगता माझा आवाज चढला तर चढू द्या. काही गोष्टी थंड डोक्यानं सांगता येत नाहीत.

सावरटोला ब्रह्मपुरीहून अडीच कोस, वैनगंगेच्या बाजूला. सगळं धानाचं गाव. शिवेवर एका परगावच्या शेठची आरागिरणी होती. नदीपलीकडच्या जंगलातला साग बैलगाड्यांनी तिथं यायचा, चिरला जायचा आणि छोट्या रेल्वेनं निघून जायचा. फुटबॉल गावात आला तो या रेल्वेमुळेच. ब्रह्मपुरीच्या ठेसनावर एक बंगाली बाबू होते. सुट्टीच्या दिवशी सायकलला चेंडू बांधून यायचे आणि धान निघालेल्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, गावच्या जवानांना खेळ शिकवायचे. "बूट घातला की पाय बहिरा होतो," हे त्यांचं वाक्य. बदली झाली तेव्हा चेंडू गावाला देऊन गेले, आणि पंधरा दिवसांत तो फाटला.

फाटका चेंडू घेऊन गाव मुखरूकडे आलं. त्यानं तो उसवला, नवं चामडं जोडून शिवला, वादी आवळली आणि शिवण धरते की नाही हे पाहायला एक लाथ मारली. चेंडू समोरच्या बाभळीच्या खोडावर आपटून सरळ त्याच्या पायाशी परत आला. अंगणाबाहेर वाटेवर उभा असलेला देवाजी म्हणाला, "खेळतं का गा आमच्यात?" मुखरूनं आधी मागं वळून पाहिलं. आपल्यालाच विचारलं याची त्याला खात्री वाटेना.

देवाजी कुणब्याच्या मोठ्या घरचा. अर्ध्या गावाला त्याच्या बांध्यांत काम मिळायचं. त्याच्या अंगणाच्या आत मुखरूनं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि तहान लागली तर त्याला पाणी वरून ओंजळीत ओतलं जायचं. हे चूक आहे असं कायद्यानं तोवर सांगून झालं होतं. पण कायदा ब्रह्मपुरीला उतरून पुढं पायी येत होता, त्याला वेळ लागत होता. मैदानावर मात्र देवाजीनं पहिल्याच खेळात एक गोष्ट केली. मध्ये खेळ थांबला, पाण्याचं मडकं आलं, तेव्हा त्यानं पेला भरून अर्धा स्वतः प्यायला आणि उरलेला मुखरूच्या हातात दिला. दोघातिघांनी तोंड वाकडं केलं, पण देवाजीपुढं बोलणार कोण? तेव्हापासून खेळ असेपर्यंत मडकं एक आणि पेला एक. खेळ संपला की पुन्हा जैसे थे. मुखरूला त्याचंही फारसं वाईट वाटत नसे. वर्षातल्या काही संध्याकाळी आपण माणसांत मोजले जातो, एवढ्यावर त्याचं पोट भरायचं. खरं सांगायचं तर गावात त्याची इज्जत होती ती त्या मैदानाएवढीच.

खेळायचे मात्र असे की पाहत राहावं. बांधी भरली की पाणी आपण अलगद शेजारच्या बांधीत सोडतो ना, तसा त्यांचा चेंडू एकाच्या पायातून दुसऱ्याच्या पायात जायचा, जमीन न सोडता. मुखरू मधोमध, देवाजी त्याच्या डाव्या अंगाला आठ-दहा पावलांवर. जागेवर पोचला की देवाजी नाकातून नुसता 'हं' एवढाच आवाज काढायचा. मुखरू मान वळवायचा नाही. 'हं' कानावर आला की टाचेनं चेंडू तिकडं. समोरच्या माणसाला कळायच्या आत काम झालेलं असायचं. कित्येक वर्षांत तो पास एकदाही चुकला नाही.

समोर गिरणीची टीम. नागपूर, बालाघाट, कुठून कुठून आलेली दांडगी माणसं, आणि सगळ्यांच्या पायांत बूट. त्यांचा खेळ वेगळाच. एकानं मागून चेंडूला आभाळात उडवायचं, आणि पुढं उभ्या असलेल्या गड्यानं तो जिथं पडेल तिथं धावत सुटायचं. त्यात ना गंमत ना कला, असं गाव म्हणायचं. हरलं की जरा जास्तच म्हणायचं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, नाचगाण्याची दंडार होते, लेकी माहेरी येतात. सावरटोल्याची मंडई सगळ्यांत शेवटी, धान खळ्यात पडल्यावर. त्या दुपारी गाव विरुद्ध गिरणी असा सामना व्हायचा आणि पाच-सहा गावं पाहायला लोटायची.

या टीमांना नावं मिळाली ती बावन्न साली. गावात वर्तमानपत्र यायचं एकाच घरी, शाळेच्या नानाजी गुरुजींकडं. पावसाळ्यात एके दिवशी त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं की हेलसिंकी नावाच्या फार थंड गावी जगाचे खेळ चालले आहेत, आणि तिथं आपल्या हिंदुस्थानला युगोस्लाव्हियानं दहा गोल मारले. आपला एक. आणि आपली बरीचशी माणसं अनवाणी खेळली. दहा गोल म्हणजे काय हे खेळणाऱ्यालाच कळतं. गोलात उभा राहणारा इसरू हळूच म्हणाला, "आपुनही बूट घ्याव का मंग?"

देवाजी ताडकन उभा राहिला. "दहा काय, वीस खाल्ले तरी सावरटोला बूट घालनार नाई. आजपासून आपन हिंदुस्थान अन् गिरनी युगोस्लाव्हिया. जो बूट घालंन तो आपला नाई." मग त्यानं चेंडू आणवला आणि एकेकाला त्यावर हात ठेवायला लावला. मुखरूनं हात ठेवला तो लवकर उचलला नाही. त्याच्याच हातची शिवण, आणि त्यावर सगळ्या गावाचे हात.

युगोस्लाव्हिया हे नाव कोणाच्या जिभेवर बसेना. लोक 'युगो' म्हणू लागले. पुढच्या चार मंडयांत हिंदुस्थाननं युगोला दोनदा हरवलं, एकदा मार खाल्ला, एकदा बरोबरी झाली. हेलसिंकीचं उट्टं आपण सावरटोल्यात काढतोय, अशी गावाची पक्की समजूत होती. हसू नका. माणसाला काहीतरी आपलं म्हणायला लागतं.

चौपन्न साली गिरणीनं मुखरूला बोलावलं. गिरणीचा मुकादम बिरजू मोठा गोडबोल्या माणूस. आऱ्याचं यंत्र फिरवणारे चामडी पट्टे सारखे तुटायचे, त्यासाठी गिरणीला कायमचा चांभार हवा होता. महिन्याचा पगार, राहायला खोली. "बस, मंडई में हमारी तरफ से खेलना," बिरजू म्हणाला. रंभा, मुखरूची बायको, ऐकून हरखली. तिनं खोलीत चूल कुठं मांडायची तेही ठरवून टाकलं. मुखरू देवाजीला विचारायला गेला, नेहमीसारखा अंगणाबाहेर उभा राहिला.

देवाजी बाहेर आला, त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. "जाय बाप्पा, पोटाचा सवाल हाये," म्हणाला, आणि मग, "पन तू गेला तं मी 'हं' कोनाले करू?"

झालं. एवढ्या एका वाक्यावर मुखरूनं पक्की नोकरी सोडून दिली. रंभा आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते एवढंच, "तुमी त्याले दोस्त समजता. तो तुमाले काय समजते, ते एक डाव त्याच्या घरात जाऊन पाहा." मुखरू हसला. बायकांना खेळातलं काय कळतं, असं त्याला वाटलं. बायकांना बरंच कळतं.

मग छप्पन्न साल उजाडलं. त्या वर्षी दिवाळीच्या आदल्या दिवशी आपला अख्खा चांदा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. झोपून उठलो तो टीम बदललेली, आणि आपल्याला कोणी विचारलंही नाही. तेव्हा वारंच तसं वाहत होतं म्हणायचं.

दिवाळी झाल्यावर दोन-चार दिवसांत बिरजू मुखरूकडं आला. शेठला यंदा सगळी टीम नव्या बुटांत हवी होती. अकरा जोड, तळाला, पाय घसरू नये म्हणून, चामड्याचे ठोकळे मारलेले. मापं म्हणून त्यानं खाकी कागदांची गुंडाळी दिली. गिरणीतल्या माणसांना कागदावर उभं करून, लाकडावर नंबर टाकायच्या निळ्या खडूनं त्यांच्या पावलांभोवती रेघ ओढलेली होती. नावं नव्हती, नुसते आकडे. बूट शिवणं हा मुखरूचा धंदा होता. गिरणीचे बूट तो आधीही शिवायचा आणि गावालाही ते ठाऊक होतं. त्यात काही वावगं नव्हतं.

त्यानं कागद अंगणात पसरले. एक, दोन, तीन. चांभाराला पाऊल म्हणजे चेहरा. हा जाडजूड टाचेचा आरेवाला, हा सपाट तळव्याचा चौकीदार, असं ओळखत ओळखत तो सातव्या कागदावर आला आणि थांबला. सातव्याच्या डाव्या पावलाला करंगळी नव्हती. रेघ अंगठ्यापासून चार बोटांवरून फिरून सरळ खाली उतरली होती.

ती करंगळी कशी गेली ते मुखरूला सांगायची गरज नव्हती. बारा-तेरा वर्षांचे असताना दोघं देवाजीच्या बापाची गुरं चारायला रानात जायचे. लाकूड फोडताना देवाजीची कुऱ्हाड निसटली. मुखरूनं आपलं धोतर फाडून पाय बांधला आणि त्याला पाठीवर घेऊन गाव गाठलं होतं. अशी पावलं तालुक्यात दुसरी असतील? असतीलही, असं मुखरूनं स्वतःला सांगितलं. लाकूडतोड्यांच्या मुलखात बोटं काय कमी तुटतात? पण टाचेचा बाक, अंगठ्याचं बाहेर झुकणं, सगळं तेच होतं.

"कोनाचा हाये वो?" रंभानं विचारलं. त्याच्या तोंडाकडं पाहूनच तिला कळलं. तिनं कागद उचलून पाहिला, खाली ठेवला, आणि चुलीकडं गेली.

त्या संध्याकाळी मुखरू सरावाला गेला. देवाजी आला होता. रोजच्यासारखा हसला, रोजच्यासारखा डावीकडं धावला, 'हं' म्हणाला, चेंडू गेला, गोल झाला. खेळ संपल्यावर पेला अर्धा पिऊन मुखरूच्या हातात दिला. मुखरू वाट पाहत होता. आता सांगेल, मग सांगेल, घरी जाताना सांगेल. एकदा सांगितलं असतं ना, की मुखरू, माझी अशी अडचण आहे, तर मुखरूनं तेही गिळलं असतं. विचारायचं नाही हे त्यानं ठरवून टाकलं होतं. विचारून मिळालेल्या खऱ्याला काय चव असते? त्यानं स्वतःहून सांगावं, एवढीच त्याची इच्छा होती, आणि त्या इच्छेवर त्यानं महिना काढला. दिवसा अंगणात गिरणीचे बूट शिवायचा, संध्याकाळी देवाजीला पास द्यायचा. सातव्या नंबरचा जोड त्यानं सर्वांत शेवटी ठेवला.

देवाजी काही बोलला नाही. बोलली ती रंभा. त्या जोडाचा तळ मुखरू ठोकत होता, तेव्हा ती शेजारी बसून धान पाखडत होती. सहज म्हणाली, "एक खिळा आत राहू द्या. कोनाले समजते?"

मुखरूनं हातोडी थांबवली. त्याच्या मनात तो खिळा येऊन गेला नसेल असं नाही. तोही माणूसच होता. पण म्हणाला, "बूट माह्या हातचा हाये." आणि पुन्हा ठोकू लागला. डाव्या बुटात करंगळीची जागा रिकामी राहते, तिथं चामडं चोळून फोड येतो, म्हणून त्यानं मऊ कापसाची गादी करून आतून शिवली. रंभानं ती पाहिली आणि सूप घेऊन आत निघून गेली.

मंडईच्या दोन दिवस आधी नानाजी गुरुजींकडं जुनी-नवी वर्तमानपत्रं एकदम आली. मेलबर्नला पुन्हा जगाचे खेळ भरले होते. हिंदुस्थाननं ऑस्ट्रेलियाला चार गोल मारून हरवलं होतं, आणि आता गाठ होती पुन्हा त्याच युगोस्लाव्हियाशी. ओट्यावर नुसता जल्लोष. मुखरूला वाचता येत नव्हतं, म्हणून तो फोटो पाहायला पुढं झाला. चांभार फोटोत काय पाहणार? त्यानं पाय पाहिले. हिंदुस्थानच्या माणसांच्या पायांत बूट होते.

"गुरुजी, हे आपले होत का तिकडचे?"

गुरुजी घुटमळले. "आपलेच. आता सगळेच घालतेत. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर तसा नियमच झाला."

"मंजे चार साल झाले?"

"हो."

"तुमाले मालूम होतं?"

"तुमची उमेद खचू नोये म्हनून नाई सांगतलं," गुरुजी चष्मा पुसत म्हणाले. "देवाजीले तेवढं सांगतलं होतं, मागच्या साली."

बघा म्हणजे. चार वर्षं ही माणसं ज्या हिंदुस्थानच्या नावानं धसकटांत अनवाणी पाय रक्ताळून घेत होती, तो हिंदुस्थान केव्हाच बूट बांधून मोकळा झाला होता. गुरुजींना माहीत, देवाजीला माहीत. चेंडूवर हात ठेवून बसलेल्यांना तेवढं माहीत नाही. मुखरू ओट्यावरून उतरला. त्याला राग कोणाचा येत होता तेच त्याला ठरवता येत नव्हतं, कारण यादी मोठी होती.

दहा जोड त्यानं गिरणीत पोचवले आणि बिरजूला निरोप दिला, सात नंबरवाल्याला स्वतः पाठवा, घालून पाहावं लागेल. मंडईच्या सकाळी देवाजी आला. समोरून नाही, मागच्या गल्लीनं. मुखरूच्या उभ्या आयुष्यात तो पहिल्यांदा त्याच्या अंगणाच्या आत येत होता.

मुखरूनं बूट पुढं ठेवले. देवाजी त्यांच्याकडं पाहत उभा राहिला.

"तुले मालूम होतं?"

"पाय ओळखला."

"कवा?"

"महिना झाला."

"मंग बोल्ला काऊन नाई?"

"तू सांगशीन म्हनून."

देवाजी बाजेवर बसला. मग घडाघडा बोलू लागला. गिरणीच्या सगळ्या गाड्यांची मुकादमी मिळत होती, शेठची अट एकच होती, घरातून दबाव होता, आणि शेवटी म्हणाला, "अन् हिंदुस्थाननंच बूट घातले, मुखरू. मंग आपन कोनासाठी अनवानी खेळून राह्यलो?"

"हिंदुस्थाननं मले काई कबूल केलं नव्हतं," मुखरू म्हणाला. "तू केलं होतं."

देवाजीनं बूट उचलला. आणि पायात घालण्याआधी त्यानं हात आत घातला. तळावरून बोटं फिरवली, सावकाश, टाचेपासून पुढपर्यंत, टोकाशी चाचपत. मुखरू पाहत होता. देवाजी आत खिळा शोधत होता.

देवाजीनं टीम बदलली ते मुखरू महिनाभर सोसत होता. बुटांच्या नियमाची लपवाछपवी त्यानं दोन दिवस सोसली. पण हा हात त्याला सोसवला नाही. ज्याला पाठीवर घेऊन रान तुडवलं, त्याला आपण असे वाटतो? देवाजीची बोटं त्या कापसाच्या गादीवर पोचली आणि थांबली. त्यानं हात काढला, मान खाली घालून बूट चढवले. "बरोबर बसले," म्हणाला, आणि आला तसा मागच्या गल्लीनं गेला.

दुपारी देवाजी गिरणीच्या टीममधून मैदानात उतरला तेव्हा पाच गावांनी तोंडात बोट घातलं. शिव्या झाल्या, एक-दोन ढेकळंही आली. इसरू तर रडकुंडीला आला. मग कोणाला तरी सुचलं की बूट शिवले कोणी? मुखरूनं. म्हणजे मुखरूला ठाऊक होतं. महिनाभर ठाऊक असून गप्प बसला. कुजबुज मैदानभर फिरली, पण खेळ सुरू झाला आणि ती दबली.

अनवाणी हिंदुस्थान त्या दिवशी जिवावर उदार होऊन खेळला. देवाजीच्या जागी सुकलू नावाचा नवखा गडी होता, बिचारा धाप लागेस्तोवर पळत होता. युगोनं एक गोल केला, मुखरूनं एकट्यानं तिघांना चुकवून तो फेडला. शेवटची काही मिनिटं उरली. ढोल वाजत होते, धूळ उडालेली. मुखरूला चेंडू मिळाला आणि तो निघाला. गावची सगळी टीम पुढं सरकली होती, गोल समोर दिसत होता, मध्ये फक्त दोन बूटवाले.

तेवढ्यात डाव्या अंगाला, आठ-दहा पावलांवर, ओळखीची पावलं आली. आणि 'हं' असा आवाज.

मुखरूच्या मनाला ठाऊक होतं की तिकडं देवाजी आपला नाही. पण पास मन देत नव्हतं, टाच देत होती. तिनं इतकी वर्षं केलं ते केलं. मुखरूनं मान वळवली तोवर चेंडू देवाजीच्या बुटावर होता. देवाजीनं एक लांब लाथ हाणली, युगोची खास, आभाळात. चेंडू उतरला तिथं त्यांचा गडी एकटा धावत पोचला आणि आमच्या बाजूला इसरूशिवाय कोणी नव्हतं. गोल झाला. लगेच शिट्टी वाजली.

पाच गावांनी पाहिलं की सावरटोल्याच्या मुखरूनं, समोर गोल असताना, चेंडू उचलून शत्रूला दिला. 'हं' मुखरूशिवाय कोणी ऐकला नव्हता. आणि मग सगळं फार सोपं झालं. देवाजीवर रागवायचं तर उद्या त्याच्याच बांध्यांत कामाला जायचं होतं. मुखरूवर रागवायला काही लागत नव्हतं. बूट त्यानं शिवले, गिरणीकडून मजुरी त्यानं घेतली, पास त्यानं दिला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आणखी कशी असते?

मुखरू पाण्यासाठी मडक्याजवळ गेला. इसरूनं पेला मागं घेतला. "ओंजळ कर," म्हणाला. मुखरूनं ओंजळ केली. तहान लागलेली होती, तो प्यायला.

संध्याकाळी त्यानं गुरुजींना गाठून सांगितलं की देवाजीनं हाक दिली होती. गुरुजी म्हणाले, "येवढ्या ढोलात तुले आयकू आलं?" मग म्हणाले, "अन् आलं तरी, तो तिकडचा होता. तू देल्लाच काऊन?" मुखरू घरी आला. फक्त रंभानं त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला ते सगळं खरं वाटलं. पण रंभाला विचारतो कोण? दोन दिवसांनी खबर आली की मेलबर्नला आपण आधी गोल करूनही युगोस्लाव्हियाकडून हरलो. ओट्यावर कोणी फार हळहळलं नाही. मुखरू तर तिकडं गेलाच नव्हता. तो पुन्हा कधी खेळलाही नाही.

तीन वर्षं गेली. गावात कोणी बोलणी मोडली, सोयरीक ठरवून फिरवली, साक्ष उलटवली, की लोक म्हणू लागले, "देल्ला मुखरूचा पास." आधी चिडवायला म्हणत. मग सवयीनं म्हणू लागले. बाहेरगावच्या लोकांना तर मुखरू नावाचा माणूस खरंच आहे हेही माहीत नव्हतं.

एकोणसाठ साली ग्रामपंचायतीची निवडणूक आली. देवाजी उभा होता. शाळेसमोर सभा भरली, मुखरूही गेला, कारण न जाण्याचीही चर्चा होते. देवाजी चांगला बोलला. रस्ता करीन, विहीर करीन, मग रंगात येऊन हात उंचावून म्हणाला, "अन् एक धेनात ठेवा. मी तुमाले मुखरूचा पास देनारा मानूस नाई."

सभा खो खो हसली. हसता हसता देवाजीची नजर समोर गेली. तिसऱ्या रांगेच्या कडेला मुखरू बसला होता. देवाजीचा उंचावलेला हात क्षणभर तसाच राहिला, मग त्यानं तो खाली घेऊन विहिरीचं बोलणं पुन्हा सुरू केलं. आजूबाजूचे पाच-सहा जण माना वळवून मुखरूकडं पाहत होते. मुखरूही हसला. हसला नसता तर लोक म्हणाले असते, मनाला लागलं वाटतं.